सांधणी तपासायला येणारा

शेवटच्या सोमवारी मी आणि खोडकाढ्याने मिळून माझ्या बायकोच्या खाटेची दोरी आवळली. खाट मधोमध झोळीसारखी लोंबायला लागली होती. बायकोला भिंतीशी चटईवर बसवलं, खाट एका अंगावर उभी केली, आणि तो एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने, पायथ्याची दोरी वळसा वळसा ओढत गेलो. दोघांचं वय मिळवलं तर दीडशेच्या वर जाईल. ओढता ओढता त्याचं धोतर सुटलं. ते त्याने एका हाताने धरलं, पण दोरी सोडली नाही.

"तिसरा वळसा ढिला राहिला तुहा," तो म्हणाला.

"तुहा चौथा पाह्य आधी."

बायको चटईवरून पाहत होती. म्हणाली, "दोघं मिळून एक माणूस नाई होत."

मग चहा झाला. त्याने एक घोट घेतला आणि कप परत केला. दूध लागलं म्हणाला. दूध लागलं नव्हतं. सून रागाने आत गेली आणि तिने दुसरा केला. तो त्याने प्यायला, काही बोलला नाही, म्हणजे चांगला झाला होता. बुधवारी दुपारी त्याच आवळलेल्या खाटेवर माझी बायको गेली.

मी हे लिहून राहिलो ते तिच्याबद्दल कमी आणि त्याच्याबद्दल जास्त आहे. मी चौथी शिकलेला माणूस. तिच्याबद्दल लिहायला घेतलं की दोन ओळींत अडकतो. त्याच्याबद्दल लिहिता येतं, कारण तो मला आवडत नव्हता.

आमच्या विणकरांच्या आळीत त्याला सगळे खोडकाढ्या म्हणत. तोंडावर म्हणत. त्याला राग येत नसे. उलट कोणी 'भाऊ' म्हटलं तर तो त्या माणसाकडे संशयाने पाहायचा. मोहाडीकडच्या आमच्या गावात करवतकाठी साड्यांचे माग घरोघरी चालत होते, तेव्हा विणकरांच्या संस्थेत आलेलं कापड तपासून घेणं हे त्याचं काम होतं. खिशात सूत मोजायचं भिंग. कापड उजेडात धरायचा, उलटं करायचा, नाकाजवळ नेऊन वाससुद्धा घ्यायचा. वासात काय दिसत होतं ते त्यालाच ठाऊक. खोट सापडली की खडूने गोल काढायचा आणि साडी विणकराच्या अंगावर फेकायचा. फेकायचा म्हणजे खरंच फेकायचा. त्याचं सगळ्यात मोठं कौतुक म्हणजे तो गप्प राहायचा.

स्वतःच्या भाचीच्या लग्नात, मांडवात, अक्षता वाटून झाल्यावर, त्याने नवरीचा पदर उलटा करून त्याला भिंग लावलं. म्हणाला, "तीन जागी तुटला आहे. लग्न लावा, पण साडी वापस करा." नवरी रडली. त्याची बहीण दोन वर्षं त्याच्याशी बोलली नाही. तो मात्र दर सणाला तिच्या घरी जायचा, जेवायचा, भाजीत मीठ कमी आहे म्हणायचा आणि परत यायचा. ती बोलत नाही हे त्याच्या लक्षात तरी आलं होतं का, मला शंका आहे.

माझीही एक साडी त्याने परत केली होती. माझ्या हातची ती सगळ्यात चांगली साडी होती, हे मी आजही सांगतो. काठाच्या आत वीतभर अंतरावर एक धागा गेलेला. त्याने गोल काढला आणि फेकली. मी घरी येऊन बायकोवर ओरडलो, की तुझी सांधणी सुटली. ती म्हणाली, "खोट होती ना? मग होती." एवढंच. मी चार दिवस तिच्याशी बोललो नाही आणि त्याच्याशी बारा वर्षं.

सांधणी काय असते ते सांगायला पाहिजे. नवा ताणा, म्हणजे उभे धागे, मागावर चढवायचा तर जुन्या ताण्याची टोकं फणीत तशीच ठेवतात आणि त्या एकेका धाग्याला नव्याचा एकेक धागा जोडत जातात. हजारो धागे असतात. बोटांना राख लावायची, दोन टोकं धरायची, पीळ द्यायचा आणि पिळलेलं टोक धाग्यावर झोपवायचं. हे काम बायका करत. माझी बायको डावखुरी. तिचं टोक डावीकडे झोपायचं, बाकी सगळ्या आळीचं उजवीकडे. लग्न झालं तेव्हा माझ्या मायने कटकट केली होती, की डाव्या हाताची सून कायले आणली. पण तिचा जोड सुटत नसे. मग मायनेच तिला सांधणीच्या जागेवर बसवलं, आणि पन्नास वर्षं ती जागा तिची होती.

माग कमी झाले. आमच्या आळीत आता तीन चालतात. संस्थेला कुलूप लागलं. त्याच्याकडे तपासायला कापड राहिलं नाही, तेव्हा तो माणसं तपासायला लागला. म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायचा. खाटेला लागलेली, डोळ्यांनी गेलेली, एका कोपऱ्यात बसवून ठेवलेली, अशी माणसं शोधून जायचा. बोलावलं कोणीच नसे. दारात उभा राहून आधी घराची एक खोट सांगायची: चौकट कलली, नाली तुंबली, कोंबडी आजारी दिसून राहिली. मग आत जाऊन खाटेजवळ बसायचं. 'बरं आहे का' असं त्याने कोणाला कधी विचारलेलं मी ऐकलं नाही. तो विचारायचा, "आज काय केलं?"

खाटेवरची माणसं चिडायची. काय करणार? पडलो होतो, म्हणायची.

आमच्या शेजारी एक आंधळी आजी होती. तिच्याकडे त्याने पिशवीभर लाखोरीची डाळ नेली. म्हणाला, "आजी, मले खडे दिसत नाई. निवडून दे." आजी म्हणाली, "मेल्या, मले तरी कुठं दिसते?" तो म्हणाला, "तुले बोटं आहेत." आजीने दोन दिवस बसून निवडली. तो येऊन बसला, डाळ पसरली आणि एक खडा काढून तिच्या हातावर ठेवला. "हा राहिला." आजीने त्याच्या मागच्या सात पिढ्या काढल्या. सगळ्या आळीला ऐकू गेलं. त्याने पिशवी तिच्यासमोरच ठेवली आणि निघून गेला. पुढे दर आठवड्याला तेच. आजी त्याला शिव्या द्यायची तयारी दोन दिवस आधीपासून करायची. तिची नात सांगायची, की शिव्या देता देता आजी दोन भाकरी जास्त खाते. तरी मला ते बरं वाटत नव्हतं. आंधळ्या बाईला खडा काय दाखवायचा? हसून घ्यावं, सोडून द्यावं.

मग माझ्या बायकोचं सुरू झालं.

आधी भाजीत मीठ दोनदा पडायला लागलं. मग ती नातवाला त्याच्या बापाच्या नावाने हाक मारायला लागली. भंडाऱ्याच्या डॉक्टरने सांगितलं, हा विसरायचा आजार आहे, गोळी लिहून देतो पण गोळीवर फार भरवसा ठेवू नका, घरच्यांनीच सांभाळायचं आहे, उदास होऊ देऊ नका. उदास होऊ देऊ नका म्हणजे काय करायचं, ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. ती भिंतीकडे तोंड करून पडली की दोन दोन दिवस जेवत नसे. दात घट्ट मिटून घ्यायची. आम्हाला आजाराची भीती नव्हती, त्या भिंतीची होती.

आणि तिचे हात. ते थांबत नसत. गोधडीचे टाके उसवायची, चादरीच्या कडेचे धागे ओढायची. सुनेची नवी चादर तिने एका दुपारी अर्धी केली. सुनेने तिच्या हातात नातवाचं खेळणं दिलं. मी जपमाळ दिली. माळ तिने तोडली आणि मणी बाजूला सारून दोरा ओढत बसली.

तेव्हा खोडकाढ्या आला. बारा वर्षांनी. दारात उभा राहून म्हणाला, "पायरीचा दगड हलते तुहा." तो आत गेला, तिच्या खाटेजवळ जमिनीवर बसला आणि तिच्या हातांकडे पाहत राहिला. घंटाभर पाहिलं असेल. मग मला म्हणाला, "दिसत नाई काय रे तुले? सांधणी करून राहिली ते."

शुक्रवारी तो सायकलवर एक फणी बांधून आला. तिच्यात जुन्या ताण्याची टोकं होती, आणि सोबत नव्या ताण्याचं गाठोडं. मागच्या आळीतल्या एका मागाचं खरं काम होतं, खेळणं नव्हतं. मला न विचारता त्याने एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं, राखेची वाटी मांडली आणि म्हणाला, "वहिनी, माग खोळंबला आहे."

माझी बायको उठून बसली. राखेत बोटं घातली. पहिला धागा धरला. सून दारात उभी होती, ती नुसती "मामाजी, पाहा," म्हणाली.

त्या दिवसापासून ती जेवायला लागली. सोमवारी आणि शुक्रवारी तो तपासायला यायचा, एक ताणा झाला की दुसरा आणायचा. भिंग लावून एकेक जोड पाहायचा. चुका असायच्याच. दोन धागे एकाला जोडलेले, मधला सुटलेला. तो सरळ सांगायचा, "वहिनी, इथं सुटला. इथं दोन लागले. सोडा अन् पुन्हा करा." ती कधी वाद घालायची, कधी रडवेली व्हायची. एकदा तिने राखेची वाटी त्याच्या अंगावर उडवली. तो धोतर झटकून पुन्हा बोट दाखवून उभा. "इथं."

मला ते पाहवेना. आजारी बाई, तिला तिच्या लेकराचं नाव आठवत नाही, आणि हा तिला सुटलेला धागा दाखवतो. मी एक केलं. ती दुपारी झोपली की मी तिच्या जागेवर बसायचो. चुकलेले जोड सोडायचो आणि नीट करून ठेवायचो. सोमवारी तो यायचा, भिंग लावायचा, आणि गप्प राहायचा. ती खुशीत यायची. महिनाभर असं चाललं. मला वाटलं, मी तिचं भलं करून राहिलो.

एके दिवशी तिची बोटं थांबली. डोळे नव्हते चालत तिचे तेवढे, पण बोटं धाग्यावरून पुढेमागे फिरायला लागली. मी केलेल्या जोडांवरून. माझी टोकं उजवीकडे झोपलेली. हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. पन्नास वर्षं मागावर बसलेला माणूस मी.

"हे कोणाचं?" ती म्हणाली.

"तुहंच आहे."

"माहं नाई हे. माह्या जागेवर कोण बसते?"

"कोणी नाई बसत."

"खोटं नका बोलू. मले काढलं. काढलं त सांगाचं होतं."

मी म्हटलं, "अवं, मीच केलं ते. मी." ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही कोण?" मग तिने एका लुगड्याचं गाठोडं बांधलं आणि सुनेला विचारलं, शहापूरची गाडी केव्हा आहे. शहापूर तिचं माहेर. तिथे आता कोणी नाही. सुनेने तिला उंबऱ्यावरून परत आणलं. ती भिंतीकडे तोंड करून झोपली ती उठेना. ताटाला हात लावेना.

शुक्रवारी तो आला. फणीजवळ बसून त्याने भिंग लावलं, थोड्याच वेळात भिंग खिशात टाकलं आणि मला मागच्या अंगणात नेलं.

"मी सुटलेलेच शोधत राहिलो, टोकं पाहिलीच नाई. किती दिवसांपासून?"

"महिना झाला."

"काहून?"

"तू तिच्यावर ओरडते. बिमार बाईवर. मले नाई पाहवत."

तो धुण्याच्या दगडाकडे पाहायला लागला. मला वाटलं, आता दगडाची खोट सांगेल. तो म्हणाला, "माह्या मायले मी सात वर्षं गादीवर बसवलं. हातात काही दिलं नाई. भात सुद्धा मी चारला. लोक म्हणत, पोरगा असावा त असा." मग म्हणाला, "जा. तिले सांग, तुमच्या जागेवर मी बसलो होतो."

"सांगितलं."

"नवरा म्हणून सांगितलं. नवरा तिले सापडत नाई आता. कामावरचा माणूस तिले समजते. कामावरचा माणूस होऊन सांग."

मी त्याला निघून जा म्हटलं. चार शब्द आणखी म्हटले, ते लिहीत नाही.

कारण एक होतं, ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. संध्याकाळी दिवा लागला की कधी कधी, आठवड्यातून एखाद वेळी, ती माझ्याकडे पाहून म्हणायची, "आले का जी?" माझ्याजवळ तेवढंच उरलं होतं. मीच माझ्या तोंडाने परका माणूस झालो तर तेही जाईल, अशी मला भीती. दोन दिवस मी काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी तिने पाण्याच्या चमच्यालाही दात मिटले. सून चमचा हातात धरून उभी राहिली.

मी चप्पल घातली, मागच्या दाराने बाहेर गेलो, पुढच्या दाराशी आलो, चप्पल काढली आणि दार वाजवलं.

आतून बऱ्याच वेळाने आवाज आला. "कोण?"

"मी जी, बाई. तुमच्या जागेवर मी बसलो होतो."

ती वळली. माझ्याकडे पाहिलं. "कोणी बसवलं तुले?"

"कोणी नाई. आपल्या मनानं बसलो."

"काहून?"

"चुका होत्या. म्हटलं, दुरुस्त करून ठेवाव्या."

"माह्या चुका?"

"हो."

"मग मले दाखवाच्या ना. मी काय मेली होती?"

ती उठून बसली. "हात दाखव." मी दोन्ही हात पुढे केले. तिने माझी बोटं दाबून पाहिली, मागून पुढून. "हात जड आहे. येवढ्या वयात शिकाले आला. आधी काय करे?"

"विणत होतो, बाई."

"अन् सांधणी?"

"बायको करे."

"तिनं नाई शिकवलं?"

"मी विचारलंच नाई."

"उद्यापासून ये. पण जेवून येजो. उपाशी माणसाचा हात कापते." मग थोडं थांबून म्हणाली, "मले बी भात सांग तिकडे." सून भात वाढायला आत गेली ती लवकर बाहेर आलीच नाही. पातेल्याचा आवाजही येत नव्हता.

त्यानंतर पाच महिने मी रोज माझ्याच घराचं दार वाजवलं. आळीतले लोक हसायचे. समोरचा एकजण म्हणायचा, "काय बुवा, भाडेकरू झाले काय?" मी जाऊन बसायचो, ती शिकवायची. तिचा हात माझ्या हातावर धरून शिकवायची. मला डावीकडे झोपवायला सांगत नसे. म्हणायची, आपल्या हाताचं करावं. माझा धागा सुटला की तिला आनंद व्हायचा, आणि तिचा सुटला की मी दाखवायचो, कारण दाखवाच्या ना, असं तीच म्हणाली होती. आधी मी बोट ठेवून लगेच उचलायचो. नंतर सवय झाली. मी हाकललं होतं तरी सोमवार शुक्रवार तो येऊन दोघांचं तपासायचा. माझ्या चुका त्याला जास्त सापडायच्या. तिला म्हणायचा, "वहिनी, हा पोट्टा काही कामाचा नाई." ती म्हणायची, "राहू द्या भाऊजी, शिकेल."

ती माझ्याशी बोलायची. लग्न झाल्यापासून एवढी बोलली नसेल. कामावरच्या माणसाशी बोलावं तसं, हात चालू ठेवून. एकदा म्हणाली, "आमच्या घरचे लय चांगले विणत. पण तोंडानं कधी बोलले नाई. एकडाव साडी वापस आली त चार दिवस माह्याशी बोलले नाई. सांधणीत खोट नव्हती बाप्पा. धागा त्याईच्याच हातानं तुटला होता विणताना."

मी विचारलं, "मग सांगितलं काहून नाई?"

"त्याईले वाईट वाटलं असतं."

सोमवारी मी त्याला गाठलं. ती साडी आठवते का विचारलं. त्याला सगळ्या साड्या आठवत. म्हणाला, "तुह्या हाताचा तुटला होता. सांधणीचा असता त साडीच्या टोकापासूनच गेला असता, मधातच नसता तुटला."

"तवा काहून नाई सांगितलं?"

"तू विचारलं नाई. तू बोलतच नव्हता."

त्या 'आले का जी'चं सांगायचं राहिलं. मी परका होऊन दारात उभा राहिलो, त्या दिवसापासून तिने ते पुन्हा कधी म्हटलं नाही. मी ते देऊन टाकलं, की ते तसंही जाणारच होतं, मला माहीत नाही. रात्रंदिवस विचार करून पाहिला. एकदा वाटतं मी बरोबर केलं, लगेच वाटतं घालवलं. पाच महिने ती जेवली, भांडली, हसली, हे खरं आहे. त्या पाच महिन्यांत तिला नवरा नव्हता, हेही खरं आहे.

आणि तेही नक्की नाही. मरायच्या आठवड्याभर आधी तिने विचारलं, "तुही बायको काय करते?"

मी म्हटलं, "घरीच राहते. बरी नाई राहत."

"बसून राहते काय?"

"नाई. काम करते."

"मग बरी आहे," ती म्हणाली आणि हसली. माझ्याकडे पाहून हसली की हातातल्या धाग्याकडे, ते मला सांगता येत नाही. मी समोर होतो, तरी सांगता येत नाही.

मी त्याला विचारलं, तिला समजलं असेल काय, ती मला ओळखून असं बोलत असेल काय. तो म्हणाला, "मले काय विचारते? मी कापडाचा माणूस. तिले विचार." मी विचारणार होतो. शब्द जुळवत होतो.

बुधवारी तिने डाळभात खाल्ला, सुनेने तिला खाटेवर टेकवलं. मी मागच्या दाराने बाहेर गेलो, पुढे आलो, चप्पल काढली, दार वाजवलं. आतून 'कोण' आलं नाही. मी पुन्हा वाजवलं. तिसऱ्यांदा वाजवत होतो तेव्हा सुनेने आतून दार उघडलं आणि माझा हात धरला.

नदीवर तो आला होता. लोकांत मिसळला नाही, मागे झाडाखाली एकटा उभा राहिला. लाकडं रचताना कोणीतरी त्याच्याकडे पाहून म्हणालं, आता इथली पण खोट काढेल हा. त्याने काढली नाही. मी वळून पाहिलं तेव्हा तो तिथे नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. मयताच्या घरी चूल पेटत नाही, डबा सुनेच्या माहेरून आला होता. खिडकीच्या गजाला ताणा तसाच बांधलेला, पाऊण झालेला. बसायला जागा नव्हती म्हणून पोरगा म्हणाला, "बाबा, हे देऊन टाकू आता ज्याचं त्याले." मला राग आला, पण त्याचं चूक नव्हतं. मागवाला खोळंबलाच होता. मी फणी सोडली, ताण्याचं गाठोडं बांधलं, खांद्यावर घेतलं.

सून मागे आली. "मामाजी, आज नका जाऊ कोणाच्या दारात. लोक बोलतील."

"वापस देऊन येतो," मी म्हटलं.

त्याच्या घरी मी आयुष्यात पहिल्यांदा गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. एक खोली, मधोमध खांब, एका बाजूला मातीची चूल. तो चटईवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी उंबऱ्यात उभा राहिलो. वाटलं, काही तरी सांगेल, माझ्या उभं राहण्यात काही चुकलं असेल. तो हललाही नाही. त्याची पाठ मी ओळखली. तशी पाठ माझ्या घरी होती, दोन-दोन दिवस.

मला बोलता येत नाही अशा वेळी. कधीच आलं नाही. मी गाठोडं खाली ठेवलं, ताण्याचं एक टोक त्याच्या खांबाला बांधलं, फणी मांडली आणि जिथे तिचा शेवटचा धागा होता त्याच्या पुढचा धागा हातात घेतला. बोटं ओली होती, सटकत होती.

"राख कुठं आहे तुह्या घरी?" मी विचारलं.

तो भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाला, "चुलीत. आणखी कुठं राहते."

मी चुलीजवळ गेलो. राख थंडगार होती. पातेलं घासून उपडं घातलेलं, आतून कोरडं. काल सकाळपासून तिथे काही शिजलेलं नव्हतं. सुतकातल्या माणसाने दुसऱ्याच्या चुलीला हात लावायचा नसतो, हे मला माहीत आहे. मी चिमूटभर राख बोटांना लावली. थोडा वेळ तिथेच बसून राहिलो. मग कोपऱ्यातल्या काड्या मोडल्या आणि चूल पेटवली.